दुधाच्या डब्याचं दुसरं भोक

ब्लेक्स आर्म, न्यूफाउंडलंड
सोमवार, १९ ऑगस्ट

प्रिय गार्लंडदादा,

वाकून नमस्कार. (वाकण्याची आता सवयच झाली आहे. गेले दहा दिवस मी तुझ्या शेडमध्ये वाकूनच होते, आणि कालपासून सरळ उभं राहायला गेलं की कंबर विचारते, कशाला?) तुझी तब्येत बरी असेल अशी आशा आहे. गुडघा कसा आहे? तुमच्या कामगार-कँपातला तो नवा आचारी अजून सगळ्यात मिरपूड कोंबतो का? अल्बर्टात यंदा जंगलांच्या आगींचा धूर फार आहे असं ऐकलं, तेव्हा नाकाला फडकं बांधून हिंडत जा, लोक हसले तर हसू देत. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. आईचा स्टीलचा खुबा पावसाच्या आदल्या दिवशी दुखतो, म्हणजे रोज दुखतो. बाकी तिची भूक, नजर आणि जीभ तिन्ही शाबूत आहेत. माझं पोस्ट ऑफिस नेहमीसारखंच आहे. लोक पत्रं न्यायला कमी आणि दुसऱ्यांना कुठून पत्र आलं ते बघायला जास्त येतात.

आता मुद्द्याचं. तू जाताना बजावलं होतंस की तुझ्या क्वाडला, त्या चारचाकी फटफटीला, हात लावायचा नाही. मी लावला. हे पहिल्याच पानावर सांगून टाकते, म्हणजे तुझा राग पहिल्या पानावर संपेल आणि पुढचं पत्र तू शांतपणे वाचशील. हेच फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतोस.

दर सतरा ऑगस्टला आईला आपल्या जुन्या गावी, रॅगेड कोव्हला, एल्सीच्या कबरीवर जायचं असतं, हे तुला मी काय सांगणार. तूच तिला नेत होतास. गेल्या वर्षी तू तिकडे, होडीत चढणं तिला जमत नाही, आणि क्वाड ताडपत्रीखाली. त्यामुळे राहिलं.  त्या दिवशी तिने घरातले सगळे पडदे काढून धुतले, वाळत घातले, आणि दुपारी वाळल्यावर पुन्हा धुतले. यंदा आठ तारखेला, गुरुवारी, मी पोस्टातून घरी आले तर ती खुर्चीत बसून पडद्यांकडे बघत होती. मी म्हटलं, आई, राहू देत ते पडदे, गाडीचं मी बघते. बोलून गेले आणि मग मला आठवलं की मला गाडीतलं काहीच कळत नाही. आपला शेजारी डॉर्मन पार्डी (तुला वाटतो तितका तो वाईट नाही, ते पुढे येईलच) कुंपणापलीकडून हे ऐकत होता. त्याने यंदा नवीकोरी क्वाड घेतली आहे. तिला कार्ब्युरेटर नाही, सगळं विजेवर, आणि हँडल म्हणे थंडीत आपोआप गरम होतं. तो अगदी अदबीने म्हणाला, एफीमावशी, मी नेऊन आणतो की तुम्हाला. आई खिडकीतून म्हणाली, "ज्याने माझ्या दलदलीतल्या बेऱ्या ओरबाडल्या, त्याच्या कमरेला धरून मी माझ्या लेकीकडे जाणार नाही." या गोष्टीला बारा वर्षं झाली. बेऱ्या म्हणजे रानफळं, तीही दोनच बादल्या. दलदल सरकारची आहे. पण आईपुढे यातलं काही बोलायची सोय नाही.

तर ताडपत्री काढली. बॅटरी अर्थात मेलेली होती. डॉर्मनने त्याचा चार्जर शेडच्या मागच्या बाजूने, आईला दिसणार नाही असा, आत सरकवला. शुक्रवारी सकाळी बटण दाबलं तर इंजिन गरगर फिरलं, पण पेटेना. मी दोन तास बटण दाबत होते. मग कळलं की टाकीखालचा पेट्रोलचा कॉक तू बंद करून गेला होतास. (चांगलंच केलंस. सांगितलं असतंस तर अधिक चांगलं झालं असतं.) कॉक उघडला, तरी पेटेना. टाकीचं झाकण काढून वास घेतला. पेट्रोलचा वास येतच नव्हता. आजोबांच्या होडीला लावायच्या जुन्या व्हार्निशचा येत होता. दादा, तू ऑक्टोबरात दोन आठवड्यांसाठी म्हणून गेलास त्याला आता दोन वर्षं होत आली, आणि तेवढा काळ अर्धी टाकी पेट्रोल जागच्या जागी बसून होतं. मी तुला दोष देत नाही. दोन आठवड्यांसाठी जाणारा माणूस टाकी कशाला रिकामी करेल? ते पेट्रोल मी नळीने ओढून बाहेर काढलं. पहिला घोट माझ्या तोंडात आला. दोन दिवस मला चहा, कॉड मासा आणि वाटाण्याचं सूप यांत काही फरक कळत नव्हता.

ताजं पेट्रोल घातलं आणि चोक ओढला तर गाडी सुरू झाली. मी आईला हाक मारली, आई दारात आली, मी ऐटीत चोक आत ढकलला आणि गाडी बंद पडली. पुन्हा चोक, पुन्हा सुरू. चोक आत, बंद. आई म्हणाली, "जाताना ते ओढूनच ठेव ना मग." मीही तेच म्हणणार होते. पण चोक ओढून गॅस दिला की मागच्या नळकांड्यातून काळा धूर, पुढून आचके, आणि हिसका खाऊन गप्प. एवढ्यात सेल्बीकाका आले. ते आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत, डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने ऐकायची इच्छा नसते. त्यांनी इंजिनचा आवाज ऐकलाच नाही. सीटवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "पोरी, हिला भूक लागली आहे." मी म्हटलं, काका, टाकी भरलेली आहे. ते म्हणाले, "ताटात आहे, घशात उतरत नाही." चोक ओढला की हवा कमी होते, म्हणून तेवढं पेट्रोल पुरतं; चोक काढला की पुरत नाही. म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल जायची बारीक वाट बुजली आहे. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि मग पुढचा पाऊण तास आपल्या बाबांच्या होडीचं एका सिलिंडरचं इंजिन त्यांनी एकोणीसशे त्रेसष्ट साली भर समुद्रात, वादळात, चमच्याने कसं दुरुस्त केलं ते सांगितलं. (चमचा तेव्हा लाकडी होता. मागच्या वेळी काटा होता.)

गाडीचं माहितीपुस्तक तू सीटखालच्या कप्प्यात ठेवलं होतंस. उंदरांनी त्यातली चाळीस ते अठ्ठावन्न एवढीच पानं खाल्ली आहेत. अनुक्रमणिका बघितली, कार्ब्युरेटर एक्केचाळीसवर सुरू होतो. त्या पानांचं आणि तुझ्या हातमोज्याच्या अस्तराचं त्यांनी हवेच्या फिल्टरच्या डब्यात नीटनेटकं घर बांधलं होतं. घर रिकामं होतं, म्हणून मोडताना जिवाला फार लागलं नाही. मग मी फोनवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक माणूस स्वच्छ हातांनी सात मिनिटांत कार्ब्युरेटर काढतो, धुतो आणि बसवतो. त्याच्या एकाही स्क्रूला गंज नाही. त्याच्या शेजारी सेल्बीकाका नाहीत. आम्हाला नुसता बाहेर काढायलाच शनिवार संपला. रबरी तोंडातून तो सुटेना. काका ओढत होते, मी ढकलत होते, आणि सुटला तेव्हा काका कार्ब्युरेटर छातीशी धरून तुझ्या लाकडांच्या ढिगावर बसलेले सापडले. रविवारी आईने शेडला कुलूप लावून किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. देवाच्या दिवशी पाना धरायचा नाही. काका दिवसभर कुंपणाशी येऊन उभे राहत आणि जात.

सोमवारी मी रजा टाकली. शेडमध्ये उजेड कमी, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं ऑइलक्लॉथ अंथरलं आणि आईचं मुलामा दिलेलं पांढरं तसराळं मागून घेतलं. ती म्हणाली, यात मी पीठ भिजवते. मी म्हटलं, धुऊन देईन. ती म्हणाली, मी नवीनच घेईन, आणि पीठ दुसऱ्या भांड्यात काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मळायला बसली. कार्ब्युरेटरच्या खालची वाटी उघडली. दादा, तू आत कधी पाहिलं आहेस का? तळाशी हिरवट मुरंबा बसला होता, खरवडला तर चमच्याला चिकटेल असा. पेट्रोलवर तरंगायचा तो फ्लोट त्यात रुतून बसला होता. मधोमध पेट्रोल सोडणारे भोकांचे दोन पितळी जेट, एक मोठा, एक छोटा. मोठ्यातून उजेड दिसत होता. छोट्याचं भोक सुईच्या टोकाहूनही बारीक. खिडकीकडे धरला, दिव्याकडे धरला, आईने चष्मा लावून धरला, काही दिसेना. काका खिशातून तार काढून खुपसायला निघाले, पण त्या स्वच्छ हातांच्या माणसाने निक्षून सांगितलं होतं की जाड तार घालाल तर भोक मोठं होईल आणि मग जन्मभर पेट्रोल पीत बसेल. बारीक तार हवी होती. अगदी बारीक. इथे तुला एक सांगायचं आहे. तुझ्या गिटारची सगळ्यात बारीक तार आता गिटारवर नाही. तिचा दीड इंच आम्ही वापरला, बाकीची गुंडाळून तुझ्या उशीखाली ठेवली आहे.

कार्ब्युरेटर धुवायच्या औषधाचा फवारा, तार, पुन्हा फवारा, फुंकर. (काकांनी फुंकली, कारण माझी पेट्रोलची चव नुकतीच गेली होती.) दुपारी तीनच्या सुमारास छोट्या जेटमधून खिडकीचा एक ठिपका दिसला. आम्ही तिघांनी आळीपाळीने तो पाहिला. आईने दोनदा पाहिला. मग मी, यश डोक्यात गेल्यामुळे, बाजूचा हवेचा छोटा स्क्रूही काढला. त्याच्यामागे एक स्प्रिंग असते, एक वॉशर असतो आणि एक रबरी कडी असते, हे व्हिडिओत होतं. ती स्प्रिंग दाबून बसवलेली असते, हे नव्हतं. स्प्रिंग काकांच्या टोपीत सापडली. रबरी कडी माझ्या बाहीवर सापडली. वॉशर मात्र गेला. मसुराच्या डाळीएवढा वॉशर. आम्ही फरशी झाडली, ऑइलक्लॉथ झटकलं, चुलीतली राख चाळली. काका म्हणाले, त्याच्यावाचून अडत नाही, त्रेसष्ट साली मी एवढाले तुकडे समुद्रात टाकून दिले होते. पण माझं मन होईना, आणि जवळात जवळचं दुकान गँडरला, तेही मागवून देणार दहा दिवसांनी.

मंगळवारी दुपारी डॉर्मन आपला चार्जर न्यायला आला. आता मागच्या बाजूने लपूनछपून चार्जर द्यायचा आणि पुढच्या दाराने परत मागायला यायचं, हे त्याच्यासारख्यालाच सुचावं. आईने त्याच्याकडे पाहिलं, चार्जरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पण दारात आलेल्या माणसाला चहाशिवाय पाठवायचं नाही हा तिचा नेम शत्रूलाही लागू आहे, म्हणून त्याच्यापुढे चहा आणि सोमवारच्या पावाचे दोन जाड काप काकवी लावून ठेवले. दुसऱ्या घासाला कट्ट असा आवाज झाला. डॉर्मनने तोंडातून काहीतरी काढून बशीत ठेवलं. तो वॉशर होता. मी आणि काकांनी एकदमच बशीवर झडप घातली. डॉर्मनने गाल धरला होता, दाताचा टवका उडाला होता, आणि आम्ही दोघं बशीतल्या तुकड्याची विचारपूस करत होतो. तो शांतपणे म्हणाला, "एफीमावशी, बेऱ्यांचं फिटलं का आता?" आई म्हणाली, "एका बादलीचं." बारा वर्षांत ती त्याच्याशी सरळ बोलली ती ही पहिल्यांदाच.

बुधवारी सगळं बसवलं. चोक ओढला, सुरू. अर्धं मिनिट थांबले, चोक आत ढकलला, आणि दादा, गाडी चालूच राहिली. हात न लावता, एकसारखी, टुकटुकटुक. काकांनी सीटवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी हेल्मेट चढवून रस्त्यावर निघाले. कोणी बघत असेल का ते बघत बघत चर्चपर्यंत गेले. सगळेच बघत होते, आणि चर्चसमोर गाडी बंद पडली. पाच-सात मिनिटं थांबले, पुन्हा सुरू झाली, मुकाट्याने घरी आले. पुन्हा गेले, पुन्हा तिथेच बंद. गुरुवारी उलट्या दिशेने धक्क्याकडे गेले, तर तेवढ्याच अंतरावर धक्क्यापाशी बंद. दहा मिनिटं चालायची, जीव सोडायची, जरा वेळाने काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. गावात प्रत्येकाचं एक मत होतं. एकाला प्लग वाटला, एकाला कॉइल. पाद्रीसाहेबांना वाटलं मी चर्चला येते आहे, म्हणून ते दोन्ही वेळा दार उघडून उभे राहिले. डॉर्मन म्हणाला, ही दहा-दहा मिनिटांनी रॅगेड कोव्हला न्यायची तर चौदा किलोमीटरला किती वेळा थांबावं लागेल, आणि मधल्या दलदलीत बंद पडली तर एफीमावशी उतरणार कुठे? ते खरं होतं.  गुरुवारी संध्याकाळी आईने पडदे काढायला घेतले.

शुक्रवारी चार वाजता आम्ही चौघं चहाला बसलो होतो. (डॉर्मनला आता बोलवावं लागत नाही.)  डॉर्मनने दुधाचा नवा, पत्र्याचा बंद डबा घेतला, सुरीच्या टोकाने वर एक भोक पाडलं आणि कपावर उपडा धरला. दोन थेंब पडले, मग बंद. त्याने डबा हलवला. आणखी एक थेंब. आई त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, "दुसरं भोक पाड. आत हवा गेल्याशिवाय दूध बाहेर येत नाही, एवढंही तुझ्या आईने शिकवलं नाही?" डॉर्मन सुरी उचलतच होता, तोवर सेल्बीकाका उठून उभे राहिले. ते दाराबाहेर गेले. चहा टेबलावर तसाच. आम्ही मागोमाग. त्यांनी गाडी सुरू करायला लावली, मी शेडभोवती चकरा मारल्या, दहाव्या मिनिटाला ती आचके द्यायला लागली तशी त्यांनी चालत येऊन टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स असा आवाज झाला, टाकीने दीर्घ श्वास घेतला, आणि इंजिन पुन्हा टुकटुकटुक. ज्यांना अर्ध्या कानाने ऐकू येतं, त्या काकांनी तो फुस्स ऐकला आणि माझ्याकडे बघून नुसतं डोकं हलवलं.

टाकीच्या झाकणातून हँडलकडे जाणारी एक बारीक रबरी नळी आहे. तिनेच टाकीत हवा जाते. ती काढून बघितली. आत आगपेटीची काडी होती. उंदराने घातलेली नव्हे, दादा, कारण उंदीर काडी घालून वर लाल चिकटपट्टी गुंडाळत नाही, आणि पट्टीवर बॉलपेनने "ओल जाऊ नये" असं लिहितही नाही. अक्षर तुझं आहे. दोन आठवड्यांसाठी जाणाऱ्या माणसाने टाकी रिकामी केली नाही, पण नळीला बूच मात्र मारलं, या गोष्टीवर डॉर्मन शुक्रवारी रात्री झोपेपर्यंत हसत असणार. मी दोष देत नाही, असं मागे लिहिलं आहे. ते वाक्य मी परत घेते.

शनिवारी सकाळी नऊला निघालो. आईने चर्चचा कोट घातला, त्यावर तुझा केशरी रेनकोट, आणि मागच्या सीटवर अशी बसली की जशी काही रोजच बसते. डॉर्मन मागून त्याच्या गाडीवर, त्याच्यामागे काका, काकांच्या मांडीवर कुदळ आणि कोयता. धुकं होतं. मी पहिली दहा मिनिटं श्वास मोजत होते, अकराव्याला जुन्या लाकूडतोडीचा फाटा ओलांडला, तेव्हा आई मागून म्हणाली, "आता मान खाली घे, मला काही दिसत नाही." ओढ्यात पाणी पाय ठेवायच्या पट्टीपर्यंत आलं होतं, गाडी दोनदा खोकली, मी मनातल्या मनात सगळ्या जेटची नावं घेतली, आणि ती चढून गेली. तुला माहीत आहे, शाळेत असताना मी तिथे एकदाच गेले होते. सरकारने माणसं हलवून गाव उठवलं तेव्हा मी चार वर्षांची. घरं ओंडक्यांवर चढवून समुद्रातून ओढत इकडे आणली, ते तुला आठवतं, मला लोकांनी सांगितलेलं आठवतं. घरांच्या जागी आता नुसत्या पायाच्या दगडांचे चौकोन आहेत आणि त्यांत कमरेइतकं गवत. आईने हात लांब करून एक चौकोन दाखवला आणि म्हणाली, ते आपलं स्वयंपाकघर.

कबरस्तानाचं कुंपण एका बाजूने पडलं आहे, अल्डरची झुडपं आत शिरली आहेत. एल्सीचा दगड पालथा पडला होता. मी गाडी बंद केली नाही. बंद केली आणि पुन्हा सुरूच झाली नाही तर काय, या भीतीने ती तशीच न्यूट्रलमध्ये उभी ठेवली. काका आणि डॉर्मनने झुडपं तोडली, दगड उलटवला, खाली खडी भरून उभा केला. आईने रुमाल पाण्यात बुडवून अक्षरं पुसली. वय सात महिने. आम्ही मागे सरकून उभे राहिलो. टुकटुकटुक चालू होतं, आणि मला मनातून जरा अभिमानच वाटत होता, एवढी एकसारखी चालत होती. आई मान न वळवता म्हणाली, "व्हर्ना, ते बंद कर."

मी म्हटलं, आई, मग सुरू नाही झाली तर?

"तर राहू इथेच. बंद कर."

मी किल्ली फिरवली. मग पाण्याचा आवाज यायला लागला, आणि एका पक्ष्याचा. आई साधारण अर्धा तास बसली असेल. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. काका उजव्या कानावर टोपी ओढून, पाठ करून उभे होते, आणि डॉर्मन कुंपणाचा एक खांब उगाचच सरळ करत होता. शेवटी आईने हात पुढे केला, तो नेमका डॉर्मनच्या दिशेने होता, आणि तिने तो मागे घेतला नाही. त्याने तिला उठवलं. गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली. येताना पाऊस लागला. बाकी काही सांगण्यासारखं झालं नाही.

तर असं आहे. गाडी उत्तम चालते, काळजी करू नकोस. रेनकोट फाटला आहे, पण मुळात तो फाटकाच होता. तब्येतीला जप, मिरपूड कमी खा. सेल्बीकाकांचा आणि (विश्वास ठेव) डॉर्मनचा तुला नमस्कार.

तुझी धाकटी बहीण,
व्हर्ना

ता. क. गाडी पुन्हा ठेवायची वेळ आली की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून, खालच्या वाटीचा स्क्रू सैल करायचा असतो. हे तुला माहीत नव्हतं असं मी म्हणत नाही.

दुसरा ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वर राहूनच गेलं. तुला वेल्डिंग येतं, इथे कोणाला येत नाही. गाडीच्या मागे जोडायला एक छोटा ट्रेलर करून हवा आहे, सपाट, बाजूच्या फळ्या काढता येतील असा. आतून लांबी सहा फूट. शनिवारी परत येताना ओढ्याच्या अलीकडे आई म्हणाली की एल्सीच्या उजव्या बाजूला जागा आहे, आणि कबरस्तानाच्या कुंपणापर्यंत होडी काही येत नाही, तेव्हा सोय आत्ताच केलेली बरी. मी विचारलं, आई, तुझी उंची किती? म्हणाली, पाच फूट दोन. मी सहा फूट सांगते आहे ते थोडं सैल असावं म्हणून. हे सगळं तिने दलदलीत, अगदी सहज, पाव संपला आहे असं सांगावं तसं सांगितलं. ऑक्टोबरात येशील का?

तिसरा ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी आईने मागून घेऊन वाचलं. पेन्सिल तिच्याकडेच होती. खालचं तिचं आहे.

गार्लंड, व्हर्ना वाढवून सांगते. ट्रेलर बेऱ्या आणायला हवा आहे, उरलेलं मी गमतीने बोलले, तिला गंमत कळत नाही. मी पाच फूट दोन नाही, पाच फूट एकसुद्धा नाही, डॉक्टरनी मे महिन्यात मोजलं. गुडघ्याला गरम मीठ बांध. तिथे असताना व्हर्नाने मला विचारलं की एल्सीचे केस कोणत्या रंगाचे होते. मी लालसर म्हणून सांगितलं. आता दोन दिवस झाले मला खात्री वाटत नाही. तुझे बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. तू तेव्हा पाच वर्षांचा होतास, तिचा पाळणा तूच हलवायचास. तुला आठवत असेल तर येऊन सांग. फोनवर नको.

आई